दुधीची साल, चोथा आणि आजारी आतडे : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आतड्याला सूज असणाऱ्यांसाठी करायच्या दुधी आणि लाल भोपळ्याच्या मऊ भाजीवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि स्पष्ट प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : साल काढली, बिया काढल्या, कांदा, लसूण, मिरची, मोहरी हे सगळेच वगळले, तर भाजीत उरते ते पाणी, चोथा, म्हणजे भाजीतला तंतुमय भाग, हे आतड्याचे खरे अन्न असताना आजारी माणसाचा चोथाच काढून घेणे म्हणजे त्याला आणखी दुबळे करणे, हळदीसारखी गुणकारी वस्तू मी पाव चमच्यावर थांबवली, आणि घरातल्या बाईने एका जेवणासाठी दोन भाज्या का रांधाव्यात. आपल्या पुतण्याला नुकतेच क्रोन्सचे, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येणाऱ्या दीर्घकाळच्या आजाराचे, निदान झाले आहे, असेही आपण लिहिले आहे. त्यामुळे हे उत्तर दोन ओळींत आटोपणे मला योग्य वाटत नाही.

चोथ्याबद्दल आपण म्हणता ते निरोगी आतड्याच्या बाबतीत पूर्ण खरे आहे. न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून जी मेदाम्ले तयार होतात, त्यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन असते. म्हणूनच चोथा जन्मभर बंद करावा असे मी कुठेही लिहिलेले नाही, आणि कोणी तसे सांगितले तर मी त्याला विरोधच करीन. माझे सांगणे इतकेच आहे की तोच चोथा कोणत्या रूपात आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यावर पोटात जातो, यावर त्याचा गुण आणि त्रास ठरतो.

क्रोन्समध्ये आतड्याच्या भिंतीला तिच्या पूर्ण जाडीभर सूज येते. ही सूज पुन्हा पुन्हा येत राहिली की भरून निघताना तिथली भिंत जाड आणि ताठर होते, आणि काही रुग्णांत लहान आतड्याचा एखादा भाग आकसून चिंचोळा होतो. अहवालात त्याला स्ट्रिक्चर म्हणतात. अशा जागेतून मऊ लगदा पुढे सरकतो, परंतु टोमॅटोची साल, मक्याच्या दाण्याचे टरफल, कोथिंबिरीचे देठ, संत्र्याच्या फोडीवरचा पापुद्रा अशा चिवट वस्तू एकमेकींत गुंतून अडकू शकतात. माझ्या धाकट्या भावाचे नेमके हेच झाले. ऐन पावसाळ्यात तो इंदूरच्या राजवाड्याजवळ भाजलेला भुट्टा खाऊन आला. रात्री पोट ताठ फुगले, कळा येऊन उलट्या सुरू झाल्या आणि पहाटे त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. मका तो लहानपणापासून खात आला होता आणि तोपर्यंत त्याला कधीही काही झाले नव्हते, म्हणूनच घरात कोणाच्या मनात शंकाही आली नाही.

ही केवळ माझ्या घरातली समजूत नव्हे. एस्पेन या युरोपीय पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली आतड्याच्या दाहक आजारांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत स्ट्रिक्चर असून अडथळ्याची लक्षणे असलेल्या क्रोन्सच्या रुग्णांसाठी अन्नाचा पोत बदलण्याची शिफारस आहे. त्याचबरोबर २०२० साली या आजाराच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने, लक्षणे देणारे स्ट्रिक्चर नसेल तर क्रोन्सच्या रुग्णाने फळे आणि भाज्या भरपूर खाव्यात असे सुचवले आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दुसऱ्या दाहक आजारात दाह मोठ्या आतड्यापुरताच आणि मुख्यतः आतल्या अस्तरात असतो, आकसण्याचा प्रकार कमी आढळतो. तिथे आजार उफाळलेला असताना, जुलाब आणि रक्त चालू असताना, मऊ भाजी खावी आणि तो शमल्यावर सालीला घाबरण्याचे कारण उरत नाही.

आता ‘उरते ते पाणी’ या आक्षेपाविषयी. दुधीत मुळातच सुमारे ९६ टक्के पाणी असते, साल ठेवली तरीही. म्हणून या भाजीवर कोणाचे पोषण होईल अशी अपेक्षा मी ठेवलेली नाही. ती जेवणातील तोंडीलावणे आहे. एस्पेनच्या त्याच सूचनांनुसार आजार उफाळलेला असताना प्रौढ रुग्णाला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. ती मुगाच्या घोटलेल्या वरणातून, अंड्यातून, ताज्या पनीरमधून यायला हवीत. मात्र भाजीतले क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात उतरतात, त्यामुळे शिजवलेले पाणी ओतून देऊ नये, हे मी पुन्हा आग्रहाने सांगते. सल्फासॅलॅझिन हे या आजारांवरचे औषध चालू असणाऱ्यांच्या शरीरात फोलेट कमी शोषले जाते. त्यांनी पालक किंवा चाकवताची कोवळी पाने देठ काढून, शिजवून, घोटून आणि गाळून घेतली तर सालीचा त्रास टाळून पालेभाजी पोटात जाते.

दोन भाज्या रांधण्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पथ्य मोडते ते बहुतेक वेळा स्वयंपाकघरातल्या थकव्यामुळे. माझ्याकडे भाजी एकाच कढईत होते. चोइथराम मंडीतून किंवा कोपऱ्यावरच्या गाड्यावरून आणलेला दुधी नख सहज रुतेल इतका कोवळा असावा. चिरण्यापूर्वी त्याची एक कच्ची चकती जिभेला लावून पाहावी आणि ती कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्यावा; त्या कडूपणाचे विष शिजवूनही जात नाही आणि त्याने निरोगी माणसालाही रक्ताच्या उलट्या झाल्याची उदाहरणे आहेत. मग साल जाडसर काढावी, दुधी उभा चिरून मधला बियांचा कापूस चमच्याने खरवडून घ्यावा, लाल भोपळ्याचेही तसेच करावे आणि दोन्हींच्या बोराएवढ्या फोडी कराव्यात.

लसणाचा स्वाद आपण हवा म्हणता, तो या भाजीत आणता येतो. कांद्या-लसणातील ज्या शर्करा पोटात वायू धरतात, त्या फ्रुक्टन वर्गातल्या आहेत. त्या पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. म्हणून दोन चमचे तेलात ठेचलेल्या चार पाकळ्या मंद आचेवर गुलाबी होऊ द्याव्यात आणि पाण्याचा एक थेंबही कढईत पडण्यापूर्वी सगळ्या बाहेर काढाव्यात. स्वाद तेलात राहतो, फ्रुक्टन पाकळ्यांबरोबर जाते. हा क्रम उलटला, म्हणजे फोडी घातल्यावर लसूण काढायचा म्हटले, तर उपयोग नाही, कारण तोवर भाजीच्या पाण्यात ते उतरलेले असते. असे तेल रोज ताजे करावे, लसणाचे तेल बाटलीत भरून दिवसेंदिवस ठेवणे धोक्याचे आहे. कमी फ्रुक्टनच्या या आहाराची मांडणी मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात झाली आणि ती मुख्यतः वायू, फुगणे, पोटदुखी यांसाठी आहे. तिने आतड्याची सूज उतरते असा दावा मी केलेला नाही.

पुढे त्या तेलात हिंग, पाव चमचा हळद, जिरेपूड आणि आल्याचा रस घालून फोडी परताव्यात. कोथिंबिरीच्या देठांची दोऱ्याने जुडी बांधून ती कढईत सोडावी, वाटीभर पाणी घालून झाकण ठेवावे. फोड अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबल्यावर एकही रेषा हाताला न लागता तिचा लगदा झाला पाहिजे, हीच शिजल्याची खूण. जुडी काढून टाकावी, मीठ घालावे, रुग्णाच्या वाटीची भाजी वेगळी काढावी आणि मग उरलेल्या भाजीवर मोहरी, सुकी मिरची आणि बाहेर काढून ठेवलेल्या त्याच लसणाची दुसरी फोडणी ओतावी. काढलेल्या कोवळ्या सालींची तीळ, दाणे आणि हिरवी मिरची घालून चटणी करावी, जशी आपल्याकडे दोडक्याच्या शिरांची होते. म्हणजे साल वाया जात नाही, ती घरातल्या निरोगी माणसांच्या पानात जाते, आणि जास्तीचे काम एका फोडणीपुरते राहते. गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची, भाजीही याच रीतीने उत्तम होते.

हळदीविषयी इतकेच. जपानमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्सरेटिव्ह कोलायटिस शमलेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीने रोज २ ग्रॅम कर्क्युमिन (हळदीतील पिवळा गुणकारी घटक) दिले होते आणि त्याचा लाभ दिसला होता. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते. त्या हिशेबाने रोज पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. भाजीतली हळद रंगासाठी आणि चवीसाठी आहे, तिच्या भरवशावर कोणतीही गोळी कमी करू नये.

आपल्या प्रतिक्रियेतील एका भीतीशी मात्र मी पूर्णपणे सहमत आहे. निदानानंतर घाबरून वर्षानुवर्षे दहीभात आणि उकडलेल्या बटाट्यावर राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. आजार शांत असतो, तपासण्या चांगल्या असतात, तरी पानात हिरवे काही येत नाही. हे पथ्य नव्हे. सूज उतरली आणि डॉक्टरांनी स्ट्रिक्चर नसल्याचे सांगितले की वाढवत जावे : आधी बिया ठेवून केलेला दुधी, मग सालीसकट कोवळे गिलके, मग चांगली शिजलेली फरसबी. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही वाटीभर नव्हे, दोन-तीन चमचे, आणि काही दिवस त्रास झाला नाही तर पुढचा. सकाळच्या पोह्यांवरचा कच्चा कांदा आणि जीरावण हा तिखट मसाला यांचा क्रम सर्वांत शेवटी लावावा, कारण तिखटाने दाह वाढतो असे नसले तरी नाजूक आतड्याला त्याची जळजळ आणि घाई सोसत नाही.

आपल्या पुतण्याच्या बाबतीत, साल ठेवायची की काढायची हे आपण किंवा मी ठरवण्याआधी त्याच्या कोलोनोस्कोपीचा आणि आतड्याच्या स्कॅनचा अहवाल घेऊन त्याच्या डॉक्टरांना एवढेच विचारावे की लहान आतडे कुठे आकसले आहे का. ‘नाही’ असे उत्तर आले आणि आजार शांत असेल, तर आपल्या पद्धतीची सालीसकट, लसणाची भाजी त्याला थोडी थोडी जरूर द्यावी. ‘हो’ असे आले, तर वरची मऊ भाजी करावी. आणि पोट फुगून कळा, उलट्या सुरू झाल्या व वारा सरणेही बंद झाले, तर घरगुती उपाय न करता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

कळावे, लोभ असावा.