मालकाचे उत्तर: गाडी साडेचारला तुमच्या दारात होती

दादा, नमस्कार. आमच्याकडून घेतलेल्या जुन्या बँडसॉबद्दलचा, म्हणजे लाकूड कापायच्या पट्टी-करवतीच्या मशीनबद्दलचा, तुमचा रिव्ह्यू परवा रात्री मुलाने वाचून दाखवला. दुपारी २ ची वेळ देऊन आम्ही रात्री ११ ला आलो, मशीन दारात अडवून वरचे ४,५०० रुपये घेतले, टेबलावर गंज आहे, मशीन उलटी फिरते, असं तुम्ही लिहिलंय. एकच तारा दिलाय.

उशिराबद्दल माफी मागतो. २ ची वेळ होती, गाडी साडेचारला आली. मधल्या अडीच तासांत एक फोन करायला हवा होता, तो मी केला नाही. चूक माझी.

पण ११ ला आलो हे खरं नाही. आणि 'अडवून' हा शब्द माझ्या फार जिव्हारी लागलाय, म्हणून त्या दिवशीचं सगळं लिहितो.

१३ जानेवारी ही तारीख तुमची होती. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, उरकू द्या, १७ नंतर आणतो, असं मी म्हणालो होतो. संक्रांतीला मशीनची पूजा करायची म्हणून तुम्ही थांबायला तयार नव्हतात. १३ ला नंदीध्वज ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात, हे सोलापूरच्या माणसाला मी काय सांगावं? मिरवणुकीमुळे मधले रस्ते बंद, आयशर बाहेरून फिरवून आणावी लागली. तरी साडेचारला गाडी, हायड्रा क्रेन आणि चार हमाल तुमच्या फाटकासमोर उभे होते. तुम्ही स्वतः सगळ्यांना चहा दिलात.

पाच वाजता मशीन हायड्राच्या पट्ट्यावर उचलली. ती फाटकाच्या आत टेकवणार, तेवढ्यात तुमच्या आई ओसरीवरून ओरडल्या, "अरे, खाली हौद आहे!" फाटकापासून शेडपर्यंतचं सगळं अंगण म्हणजे हौदाचं झाकण. वर शहाबादी फरशी, त्यामुळे आम्हाला काहीच कळायला मार्ग नव्हता. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, घरोघरी हौद असतो, तेव्हा मी आधी विचारायला हवं होतं, हे मान्य. पण मी फोनवर "जमीन पक्की आहे ना?" असं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा "एकदम पक्की" हे उत्तर तुमचं होतं.

३६ इंची बँडसॉ, सगळी बिडाची, वजन सव्वा टन. पाईपवरून सरकवताना एवढं वजन एका वेळी दोन-तीन पाईपांवर येतं. फरशी फुटली असती तर मशीन हौदात आणि पहार धरलेला माणूस तिच्याखाली. म्हणून मी मशीन परत गाडीत ठेवायला लावली. तुम्ही ज्याला अडवणं म्हणता ते हे.

मग एमआयडीसीतल्या गोडाऊनमधून दोन लोखंडी गर्डर आणि फळ्या मागवल्या. रस्ते बंद, छोटा हत्ती टेम्पो सव्वाआठला आला. हौदाच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर गर्डर टाकले, वर फळ्या, फळ्यांवर पाईप, आणि चेनकप्पीने वीतवीत ओढत मशीन शेडमध्ये नेली. बँडसॉचं वरचं चाक जड असतं, ती डोक्याकडून कलंडते. घाई करता येत नाही. बीड वाकत नाही, थेट तडकतं. वडील कापडगिरणीच्या वर्कशॉपात फिटर होते, त्यांनी मला हे लहानपणीच शिकवलं. ११ वाजता मशीन जागेवर बसली. फरशीला एक चीर नाही, माणसाला ओरखडा नाही. रिव्ह्यूमध्ये हे एका ओळीनेही यायला नको होतं का?

४,५०० चा हिशेब: हायड्रावाल्याने थांबल्याचे ३,००० घेतले, छोटा हत्ती ६००, उरलेले ९०० चार हमालांना. माझ्याकडे एक रुपया राहिला नाही. पैसे मागायला मी रात्री तुमच्या दारात उभा राहिलो, ते तुम्हाला बरं वाटलं नसेल. पण त्या माणसांना रात्रीच पैसे द्यायचे होते आणि माझ्या खिशात तेवढे नव्हते.

ही मशीन लीस्टरच्या वाडकिन कंपनीची आहे, एका बंद पडलेल्या गिरणीच्या सुतारखात्यातली. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ ला उभी राहिली, तिला आपण अजून जुनी गिरणी म्हणतो. तेव्हापासून या शहरात आलेली कितीतरी अशी यंत्रं भंगारवाल्यांनी घणाने फोडून किलोवर विकली. ही मी फोडू दिली नाही, म्हणून आज ती तुमच्या शेडमध्ये आहे.

गंजाचं म्हणाल तर तो वरवरचा आहे. टेबलाला पट्टा लावून मशीन उचलली तर खालचा सांधा तुटतो, म्हणून टेबल आम्ही काढून वेगळं आणलं. त्यावर तेल लावायचं राहिलं. डिझेल आणि बारीक पॉलिश पेपरने तासाभरात निघेल. मशीन उलटी फिरते हा मशीनचा दोष नाही. थ्री फेजच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की दिशा सुधारते. पण तोवर करवतीची पट्टी चढवून चालू करू नका, उलट्या दिशेने दात लाकूड वर उचलून फेकतात.

यापुढे जागा आधी बघून घेऊ, फोनचंही जरा नीट बघतो. काय काय बदलता येईल ते मुलाशी बोलून ठरवतो.

तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोन गिऱ्हाइकांनी रंधा मशीनचं बोलणं थांबवलंय. गोडाऊनचं भाडं आणि गाडीचा हप्ता याच धंद्यावर चालतो, दादा. तारा एकच ठेवायचा तर ठेवा. 'अडवून' एवढा एक शब्द मात्र काढा, ही विनंती.

रविवारी सकाळी मुलगा येईल, वायरी बदलेल, टेबल घासून देईल. त्याचे पैसे नाहीत. आईंना माझा नमस्कार सांगा. त्या वेळेवर ओरडल्या.