पाच दिवसांत पोट ‘रिसेट’ होत नाही. आणि त्या गोळ्या बंद करू नका!

‘वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्यांनी जरूर वाचा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला, तोवर मी सोडून दिला. मग तो आमच्या घरच्या ग्रुपवर आत्येसासूबाईंनी टाकला, तोही माझ्या मोठ्या जाऊबाईंचं नाव घेऊन: ‘तुझ्या कामाचं आहे बघ.’ ताईंचं वजन कमी करण्याचं बायपासचं ऑपरेशन (हृदयाचं नव्हे, पोटाचं) काही वर्षांपूर्वी झालंय. अलीकडे थोडं वजन परत आलंय, ते घरात सगळ्यांना दिसतंय, पण कोणी बोलत नव्हतं. आता चाळीस जणांसमोर बोलून झालं. रात्री ताईंनी मला वेगळं विचारलं, ‘तू मेडिकलमध्ये बसतेस, हे करून बघू का गं?’

मी डॉक्टर नाही. डी. फार्म. करून सिडकोत औषधाचं दुकान चालवते. पण या मेसेजमधल्या निम्म्या गोष्टी अशा आहेत की त्यांचे परिणाम आमच्या काउंटरवर दिसतात.

ज्यांच्यापर्यंत मेसेज पोचला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑपरेशनने गेलेलं वजन दोन वर्षांत सगळं परत येतं, म्हणजे पैसे पाण्यात. ते परत येतं कारण पोट फुग्यासारखं ताणलं जातं, आणि ताणलं जातं कारण माणूस चोरून खातो. पाच दिवस फक्त काढा, ताक आणि सूप घेतलं की पोट पुन्हा लहान होतं. त्या पाच दिवसांत आणि पुढेही व्हिटॅमिन, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या बंद ठेवायच्या, कारण त्यांनी भूक वाढते आणि मुतखडे होतात. रोज रात्री एक ग्लास रेड वाइन चरबी जाळते. आणि एवढं करून जमलं नाही तर ती नवीन इंजेक्शनं घ्या, पुन्हा वजन वाढायचं नावच नाही. खाली ‘अमेरिकेतल्या मोठ्या डॉक्टरांचं संशोधन’ अशी सही. कोणते डॉक्टर, कुठलं संशोधन, पत्ता नाही.

क्रमाने जात नाही. जे सर्वांत घातक आहे तिथूनच सुरू करते.

‘गोळ्या बंद करा’

हे लिहिणाऱ्याला ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात हेच माहीत नसावं. बायपासमध्ये अन्न जठराचा मोठा भाग आणि लहान आतड्याची सुरुवात टाळून खाली जातं. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः शोषलं जातं ते याच सुरुवातीच्या भागात. बी-१२ शोषायला जठरातून पाझरणारा एक घटक लागतो, त्याची आणि अन्नाची गाठच नीट पडत नाही. स्लीव्हमध्ये, म्हणजे या ऑपरेशनच्या दुसऱ्या प्रकारात, आतडं जागेवर असतं, पण जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून जास्त कापून काढलेला असतो, म्हणून तिथेही बी-१२ची बोंब. तेव्हा या गोळ्या ‘शक्तीच्या’ नाहीत. ऑपरेशनने जो रस्ता बंद केला त्याची ती भरपाई आहे, आणि ती जन्मभर घ्यायची असते.

फसगत कुठे होते सांगते. बी-१२चा साठा यकृतात बराच काळ पुरतो. गोळी बंद केली की पुढच्या महिन्यात काहीच होत नाही. सहा महिन्यांतही कदाचित नाही. माणूस म्हणतो, बघा, उगाच पैसे घालवत होतो. मग कधीतरी तळपायाला मुंग्या येतात, जिना उतरताना तोल जातो, आणि तोवर नसांना झालेली इजा पूर्ण भरून येईलच याची खात्री राहत नाही. आपल्याकडे शाकाहारी घरांत मुळात बी-१२ कमी असतं, त्यावर हे.

बी-१, म्हणजे थायमिन, तर एवढीही सवड देत नाही. त्याचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांचा. ऑपरेशन झालेल्या माणसाने पाच दिवस काढ्यावर काढले, त्यात उलट्या झाल्या, गोळ्याही बंद, पाचाचे दहा दिवस झाले (होतातच, कारण पहिल्या पाच दिवसांत काटा हलला की हुरूप येतो), की साठा तळाला जाऊ शकतो. मग एकाचे दोन दिसणं, चालताना झोकांड्या, बोलण्यात गोंधळ. याला वेर्निके एन्सेफॅलोपथी म्हणतात. वेळेत थायमिनचं इंजेक्शन मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते, जीवही.

आणि इथेच आपली एक सवय आडवी येते. अशक्तपणा वाटला की आपण काय करतो? कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन ‘एक सलाईन लावा’ म्हणतो. ते ग्लुकोजचं असतं. थायमिन संपलेल्या शरीरात आधी ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिन त्यातच खर्च होतं आणि मेंदूचा त्रास उफाळून येऊ शकतो. आधी थायमिन, मग ग्लुकोज, हा क्रम आहे. म्हणून ऑपरेशन झालेल्या कोणीही, उलट्या होत असतील तर, सलाईन लावायच्या आधी ‘माझं बायपास झालंय’ किंवा ‘स्लीव्ह झालंय’ हे तोंडाने सांगायचं. डॉक्टरांना ते कपाळावर लिहिलेलं दिसत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनचे व्रण तर एवढेएवढेसे असतात.

‘गोळ्यांनी भूक वाढते’ यात अर्धं खरं आहे, तेही सांगून टाकते. ‘भूक लागायचं टॉनिक’ म्हणून जी सिरप मागितली जातात त्यांपैकी काहींमध्ये सायप्रोहेप्टाडिन नावाचं औषध असतं. ते मूळचं ॲलर्जीचं, आणि त्याने भूक खरोखर वाढते. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचतं कोण! त्यावरून ‘व्हिटॅमिनने माणूस सुटतो’ ही समजूत घट्ट झाली असावी. पण बायपासनंतर दिलेल्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते नसतं, आणि त्या गोळीत म्हणावी अशी कॅलरीही नसते. घरातल्या सुनेचं टॉनिक आणि सासूबाईंच्या ऑपरेशननंतरच्या गोळ्या एकाच डब्यात ठेवू नका म्हणजे झालं.

खड्यांचं तर चक्क उलटं आहे. बायपासनंतर मुतखड्याचा धोका वाढतो, हे खरं. पण तो वाढतो कारण आतड्यात ऑक्सलेट (अन्नातला खडे बनवणारा एक घटक) मोकळं सुटतं आणि रक्तात शिरतं. जेवणासोबत घेतलेलं कॅल्शियम त्याला आतड्यातच धरून ठेवतं. म्हणजे खड्याच्या भीतीने कॅल्शियम बंद करणं म्हणजे राखणदाराला सुट्टी देणं. पाणी भरपूर प्या, दोन घासांच्या मध्ये नको, जेवणापासून अर्धा तास सोडून. आणि दुकानात घेताना शक्यतो कॅल्शियम सायट्रेट मागा, कार्बोनेटला नीट शोषलं जायला जठरातलं आम्ल लागतं. लोहाची गोळी कॅल्शियमसोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. ही चूक मी रोज पाहते.

‘पाच दिवसांत पोट लहान’

नाही होत. जठराची पिशवी ताणलेली असेल तर ती ताकाने आकसत नाही. पाच दिवसांत काटा जो दोन-तीन किलोने खाली येतो ते बहुतेक पाणी. शरीरातला साखरेचा साठा संपतो, त्याच्यासोबत बांधलेलं पाणी जातं. सहाव्या दिवशी भाकरी खाल्ली की परत येतं.

एवढं कबूल करते की त्या पाच दिवसांत फरसाण, बिस्किटं आणि गोड चहा बंद होतो, तो भाग चांगला आहे. पण त्यासाठी काढा कशाला हवा?

‘चोरून खातात म्हणून वाढतं’

या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग आला, कारण ते ताईंना लागलं. त्या फॉलोअपला जाणं टाळतायत हे मला आत्ता कळलं. कारण काय, तर ‘डॉक्टर रागावतील, वजन वाढलंय ना.’ अहो, ज्या तक्रारीसाठी जायचं तीच लपवायला जायचं नाही!

वजन परत येण्याची कारणं एकाहून अनेक आहेत. वजन उतरलं की शरीर कमी इंधनात भागवायला शिकतं. त्याच उंची-वजनाच्या, कधीच जाड नसलेल्या माणसापेक्षाही कमी जाळतं. सुरुवातीला दबलेली भूक हळूहळू परत येते. थायरॉईड बिघडलेला असू शकतो. इन्सुलिन, स्टेरॉईड, मानसिक आजारावरची काही औषधं, फिट्सवरची काही औषधं वजन वाढवतात. काही वेळा बायपासमध्ये वेगळ्या केलेल्या दोन भागांत पुन्हा वाट तयार होते. पिशवी किंवा तिचं तोंड रुंद झालेलं असतं, हेही होतं. मेसेजने तेवढं एकच कारण उचललंय. यातलं कोणतं हे एंडोस्कोपी, रक्ततपासणी आणि औषधांची यादी पाहिल्यावर कळतं, ग्रुपवर नाही.

खाण्याचा भाग आहेच, पण तो चोरीचा नसतो. मिसळीचंच घ्या. बायपास झालेला माणूस अख्खी मिसळ संपवू शकत नाही. मग ताटात काय होतं? शेव, रस्सा आणि रश्श्यात भिजलेला पाव सरकन खाली जातो, मटकी जड पडते म्हणून वाटीत तशीच राहते. नेमकं प्रोटीन मागे आणि तळण आत. घरी आल्यावर तासाभराने मूठभर चिवडा, मग चहासोबत दोन टोस्ट, मग डिसेंबरनंतर टेबलावर पडलेला द्राक्षांचा घड, येता-जाता चार-चार. कोणत्याच वेळी पोट ‘भरलं’ असं वाटत नाही, म्हणून माणूस प्रामाणिकपणे सांगतो, मी फार काही खात नाही. तो खोटं बोलत नसतो. पाठांतर म्हणून एवढंच: आधी प्रोटीन, मग बाकी. दिवसाला किमान ६० ग्रॅम सांगतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर वरणातही साधारण तेवढंच. आता हिशोब करा, शाकाहारी घरात हे आपोआप होत नाही. पनीर, दही, सोयाबीन, डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर, ठरवून घ्यावं लागतं.

‘सगळं परत येतं, पैसे पाण्यात’

इथे एकच आधार देते, पण भक्कम. स्वीडनमध्ये १९८७ पासून ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ नावाचा अभ्यास चालला. ऑपरेशन केलेले २,०१० आणि न केलेले २,०३७ जण. २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याचे आकडे आले. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं. दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी होतं. म्हणजे १२० किलोचा माणूस ८२ वर आला आणि दहा वर्षांनी ९० वर होता. आठ किलो परत आले, तीस गेलेले राहिले. ऑपरेशन न केलेल्यांचं वजन जिथल्या तिथे, दोन टक्के इकडे-तिकडे. आणि वय, लिंग, इतर धोके हिशोबात घेतल्यावर ऑपरेशनवाल्यांत मृत्यूचं प्रमाण २९ टक्क्यांनी कमी.

हातचं राखून सांगायचं तर त्या अभ्यासात बायपासवाले थोडे होते, २६५. बाकीच्यांची ऑपरेशनं जुन्या पद्धतीची, जी आता फारशी होत नाहीत, आणि त्यांचं वजन दहा वर्षांनी १४ ते १६ टक्केच कमी राहिलं. स्लीव्ह त्यात नव्हतंच. शिवाय स्वीडनमध्ये मिसळ नसते. पण ‘दोन वर्षांत सगळं’ हे कुठेच बसत नाही.

थोडं वजन परत येतं, हे मात्र बहुतेकांच्या बाबतीत खरं. ऑपरेशनच्या जाहिरातीत ‘आधी’ आणि ‘नंतर’चे दोनच फोटो असतात, सहाव्या वर्षीचा तिसरा कधी नसतो. तो दाखवला असता तर ताईंना परत आलेलं थोडं वजन म्हणजे गुन्हा वाटला नसता.

रेड वाइन

नाशिकला हे सांगायचं म्हणजे कमाल आहे. एका ग्लासात साधारण १२० कॅलरी, त्या जळत नाहीत, भरतात. बायपासनंतर दारू रक्तात झपाट्याने चढते, एका ग्लासात दोनाची नशा होते आणि व्यसन लागण्याचा धोका वाढलेला आढळलाय. वर ती थायमिनची शत्रू. द्राक्षबागा बघायला जा, फोटो काढा, परत या.

इंजेक्शनं

मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही जूनमध्ये, आणि तेव्हापासून दुकानात ‘ते बारीक व्हायचं द्या’ म्हणणारे येतात. ऑपरेशननंतर वजन वाढलं तर डॉक्टर ही इंजेक्शनं देतात, उपयोगही होतो, यात मेसेज पूर्ण चुकीचा नाही. ‘पुन्हा वाढणार नाही’ हे चूक. सेमाग्लुटाईड (वेगोव्हीतलं औषध) बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं त्याच औषधाच्या चाचणीत दिसलंय. आणि आधीच छोट्या झालेल्या पोटात मळमळ, उलट्या सुरू झाल्या तर वर लिहिलेली थायमिनची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, कोणी देत असेल तर घेऊ नका.

दुसरं ऑपरेशन हाही एक मार्ग असतो, स्लीव्हचं बायपास करतात; पण ते पहिल्यापेक्षा जोखमीचं, म्हणून तपासण्या झाल्यावर आणि बाकीचं करून पाहिल्यावर.

ताईंना सांगितलंय की जाताना जुनं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनचे कागद काढून ठेवा. बऱ्याच जणांना स्वतःचं स्लीव्ह झालं, बायपास की मिनी बायपास, हेच सांगता येत नाही, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. सोबत सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा, बीपी-शुगरच्यासुद्धा, एका पिशवीत. बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा), डी-३, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) आणि थायरॉईड यांचे शेवटचे रिपोर्ट कधीचे आहेत ते बघा. वर्षाहून जुने असतील तर तिथे गेल्यावर आधी तेच करायला सांगतील.