लॉजला जाताय? मग सूट असा घाला की विषय संपला

तर मेसन लॉजचं, म्हणजे फ्रीमेसन नावाच्या जुन्या बंधुसंघाच्या शाखेचं, बोलावणं आलं एकदाचं. अभिनंदन. त्यात खाली डार्क सूट, पांढरा शर्ट, पांढरे हातमोजे वगैरे लिहिलेलं असतं ते बाकीच्यांसाठी, तुम्ही आपला स्वतःच्या लग्नातला चकाकणारा सूट काढा, श्वास रोखला की होतो अजून.

नवीनच घेणार असाल तर बाहीवरचं ब्रँडचं लेबल काढू नका, नाहीतर लोकांना कळणार कसं? कोटाच्या मागच्या फटीवर फुलीसारखे कच्चे टाके असतात, घडी मोडू नये म्हणून, ते घातल्यावर उसवायचे असतात म्हणे. कशाला? टेलरने एवढं मन लावून शिवलंय.

बटणं सगळी लावायची. खालचं उघडं ठेवायची रीत इंग्लंडचा राजा सातव्या एडवर्डच्या पोटामुळे पडली असं सांगतात, हा गडी स्वतः मेसन होता आणि राजा व्हायच्या आधी 1874 पासून इंग्लंडचा ग्रँड मास्टर, म्हणजे तिथल्या मेसन मंडळींचा प्रमुखही (राजाचं पोट सुटलं की फॅशन, आपलं सुटलं की डाएट, असो). बसतानाही बटण सोडू नका, ताण येऊन उडालंच तर निदान झोपलेले दोघंतिघं जागे होतील.

आता एप्रन, विधीत कमरेला बांधतात तो. नवख्याला मिळतो कोकराच्या कातड्याचा, पांढराशुभ्र, बिननक्षीचा. ही सगळी दगड घडवणाऱ्या गवंड्यांची आठवण, काटकोन बघायचा गुण्या काय, पातळी बघायची पाणसळ काय, दोरीला वजन लटकवलेला ओळंबा काय, सगळी हत्यारं त्यांच्याकडूनच खुणा म्हणून घेतलेली. पाणसळ म्हणजे इथे सगळे भाऊ एका पातळीवर, कपड्यापेक्षा आतला माणूस महत्त्वाचा. हे तोंडाने म्हणत म्हणत प्रत्येकजण शेजाऱ्याच्या कोटाचं कापड दोन बोटांत धरून बघत असतो, आणि पदं चढत गेलं की त्याच एप्रनला रंगीत कड, गोंडे आणि सोनेरी भरतकाम येतं ते वेगळंच. पण तुम्ही एप्रन कोटाच्या आत बांधा, सूट झाकला गेला तर एवढा खर्च वाया.

टाय बेंबीच्या वरच संपू द्या, ओळंबा जमिनीपर्यंत न्यायची सक्ती नाही.

आणि मोजे घ्या घोट्याएवढेच. लॉजमधे बाकं भिंतीला लागून समोरासमोर असतात, विधी लांबतो, पायावर पाय टाकून बसलात की समोरच्या ज्येष्ठ ब्रदरना तुमची केसाळ नडगी शेवटपर्यंत निवांत बघता येईल.