हवा पुरत नाही

गाडीला यंदा घरीच रंग मारणार असं मी बोलून गेलो, आणि ज्यानं ज्यानं ऐकलं त्यानं एकच विचारलं, ‘कुठला रंग?’ जणू बाकी सगळं घरात कपाटात तयार ठेवलंय आणि मी फक्त शेडकार्ड चाळायचं बाकी आहे. या प्रकरणात रंगाचा नंबर फार मागं लागतो, हे कळायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुकानांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

गाडी २०१० सालची वॅगन-आर. चंदेरी. बोनेटवरचा आणि छपरावरचा वरचा पारदर्शक थर उन्हानं सुटलेला, आणि गल्लीतली पोरं येताजाता त्याचे पापुद्रे नखानं सोलायची. पंधरा वर्षं पुरी होत आली म्हणून पुन्हा पासिंगला न्यायची होती. गॅरेजवाल्यानं सगळ्या बॉडीचा आकडा सांगितला, तो गाडीच्या बाजारभावाच्या इतका जवळ होता की मी विचारलं, ‘गाडीसकट?’ त्याला यात काही विनोद दिसला नाही.

मग सल्ले सुरू झाले. उसाला औषध मारायचा पाठीवरचा पंप आमच्या एका पाहुण्यानं आपणहून आणून दिला. ‘बारीक नोझल हाय,’ म्हणाला. दुसऱ्यानं माळ्यावरून व्हॅक्यूम क्लीनर काढला. पूर्वी दारोदार येणारे विक्रेते त्याच्यासोबत रंग फवारायची एक डबी द्यायचे, ती याच्याकडं अजून होती, तिचं पाकीटसुद्धा उघडलेलं नव्हतं. भाच्यानं मोबाइलवर विजेची हातगन दाखवली, साडेचारशे वॅटची, खोक्यावर लाल स्पोर्ट्‌स कारचं चित्र. खोक्याच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं: भिंती, कुंपण, लाकडी फर्निचर. पुढचं चित्र गिऱ्हाइकासाठी असतं आणि मागचा मजकूर कोर्टासाठी. अशी गन रंगाचे थेंब जाडच फेकते. कुंपणाला ते चालतं, बोनेटवर मात्र संत्र्याची साल उमटते.

सगळ्यात सोपी वाट स्प्रेच्या डब्यांची, ४०० मिलिलिटरच्या. आरशाच्या पाठीला, बंपरच्या कोपऱ्याला उत्तम. पण बोनेटभर मारायला घेतलं तर बोट आधी दुखायला लागतं आणि डबा मधेच संपतो, तोही बरोब्बर मध्यभागी.

शेवटी शेजारच्या मामांना विचारलं. मामा एसटीच्या वर्कशॉपातून पेंटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची हयात लाल रंगात गेली. चंदेरी रंगाबद्दल त्यांना मनातून तिटकारा आहे, पण गनबद्दल बोलायला लागले की चहा गार होतो.

‘गन कुठली घेऊ, मामा?’

‘गन ऱ्हाऊ दे. हवा किती हाय तुझ्याकडं?’

मला वाटलं, मामांना तब्येतीचं काहीतरी विचारायचंय.

उद्यमनगरातल्या दुकानदारानं हाच प्रश्न जरा व्यापारी भाषेत विचारला. त्याच्या काउंटरवर गनांची रांग होती. वर कप असलेली, खाली बरणी असलेली, १.३ मिलिमीटरचं नोझल, १.४ चं, प्रायमरला १.८ चं, आणि एक इवलीशी, जी मूर्तींचे डोळे रंगवायला नेतात. मला आवडली ती एचव्हीएलपी, म्हणजे हवा जास्त आणि दाब कमी. तिच्या तोंडाशी दाब जेमतेम १० पीएसआय, म्हणजे एक बारपेक्षाही कमी असतो, त्यामुळं रंग धुरळा होऊन उडून जात नाही, बराचसा पत्र्यावरच बसतो. रंग वाचतो, शेजारी वाचतात. मी पाकीट काढलं.

‘घ्या की,’ तो म्हणाला, ‘पण ही मिनिटाला दहा-बारा घनफूट हवा पिती. तुमचा कॉम्प्रेसर?’

कोपऱ्यात एक सुबक लाल कॉम्प्रेसर होता, एक एचपीचा, चोवीस लिटर टाकीचा. मी मालकी हक्कानं त्याच्याकडं बोट केलं. तो हसला.

‘शेती हाय का सर?’

‘थोडी. ऊस.’

‘मग असं बगा. पाच एचपीची मोटर बसवली, पण विहिरीला झराच न्हाई. चार सरीला पाणी जोरात जातंय, मग मोटर नुस्ती बोंबलती. ही टाकी म्हंजे विहीर. झरा मिनिटाला तीन-चार घनफूट. गन म्हंजे ऊस.’

चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून मला जे कळलं नव्हतं ते चार सऱ्यांत कळलं. मी खोक्यावरचा आकडा दाखवला, तिथं तर बराच मोठा लिहिला होता. त्यावर त्यानं आणखी एक गुपित फोडलं. तो आकडा पिस्टन किती जागा सरकतो त्याचा असतो. प्रत्यक्षात दाबून बाहेर किती हवा येते तो आकडा वेगळा, लहान, आणि तो खोक्यावर असेलच असं नाही. आठ बारचा दाब मात्र ठळक छापलेला असतो. गनला पाइपाच्या टोकाशी लागतो दोन बार. जे लागत नाही ते ठळक आणि जे लागतं ते गायब, ही तऱ्हा मी आजवर फक्त लग्नाच्या बायोडेटात पाहिली होती.

मग तीन एचपीचा बघू, म्हटलं. तीन एचपी म्हणजे सव्वादोन किलोवॅट, आणि सुरू होताना तो त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो. घरच्या वायरमननं मीटरकडं, मग माझ्याकडं पाहिलं आणि तो म्हणाला, ‘चालंल. फ्रिज, गिझर, पंखे, टीव्ही सगळं बंद करायचं. शेजाऱ्यांचंबी.’ तडजोड झाली दोन एचपी, पन्नास लिटर, आणि कमी हवा पिणारी १.३ नोझलची गन. एक पॅनल मारायचं, थांबायचं, टाकी भरू द्यायची. मामांच्या मते हे रंगकाम नसून दमेकऱ्याचं जिना चढणं होतं.

कॉम्प्रेसर आला तर त्याच्यामागून त्याची सासुरवाडी आली. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, म्हणून पाण्याचा फिल्टर. दाब बघायला रेग्युलेटर. लांब पाइप, कारण कॉम्प्रेसर गाडीजवळ ठेवला तर तो उडालेला रंगच ओढून घेतो. आणि पत्रा पुसायला वेगळं सॉल्व्हंट, कारण गाडीला पूर्वी कधी सिलिकॉनचं पॉलिश लावलं असेल तर नवा रंग तिथं बसत नाही, गोल गोल खड्डे पडतात. मी पंधरा वर्षांत पॉलिश लावलंय का, असं बायकोला विचारलं. ‘धुतलीय का ते आधी आठव,’ ती म्हणाली.

आता रंग. मामांचा कौल सिंथेटिक इनॅमलला. ट्रकला, ट्रॅक्टरला तोच मारतात, स्वस्त, चिवट, हात नीट नसला तरी सांभाळून घेतो. दोष एवढाच की सावकाश वाळतो, आणि तोवर गल्लीतली सगळी चिलटं त्याच्यावर कायमची वस्तीला येतात. दुसरा पर्याय एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, जुन्या पेंटरांचा ड्यूको. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत ड्युपाँ कंपनीनं तो आणला आणि गाडीच्या रंगकामाचे आठवडे तासांवर आणले. कंपनीचं नाव विसरलं तरी आपल्याकडं सुतारसुद्धा कपाटाला ‘ड्यूको मारू का’ असं विचारतो. थिनर उडालं की वाळला, इतकं सोपं. पण दमट हवेत मारला तर पांढरट ढग येतात, चकाकी हवी तर रबिंग करून दंड भरून येतात, आणि वर पेट्रोल सांडलं तर तिथं मऊ पडतो. गाडीच्या रंगाला पेट्रोल सोसू नये, हे मला पटेना.

तिसरा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. दोन डबे, एकात रंग किंवा क्लिअर (वरचा पारदर्शक थर), दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर. मिसळले की घड्याळ सुरू, काही तासांत गनमध्येच दगड. पण झळाळी कारखान्यातून आल्यासारखी. भाचा म्हणाला, हाच. दुकानदार म्हणाला, हाच. मामा म्हणाले, ‘मास्क?’

हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं दमा लागू शकतो. त्याला रुमाल, करोनातले निळे मास्क, काही उपयोगाचे नाहीत. गॅरेजांतून बाहेरची स्वच्छ हवा पाइपनं तोंडाशी देणारे मास्क असायला हवेत. असतात का, ते आपण सगळेच पाहतो. गंमत म्हणजे गनचा उगमच घशातला. अमेरिकेत टोलेडो इथं ॲलन डीव्हिलबिस नावाचे नाक-घशाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध नीट पोचावं म्हणून त्यांनी फवारणीचं यंत्र काढलं आणि त्यांच्या मुलानं, थॉमसनं, १९०७ मध्ये त्यावरून रंगाची गन बनवली. बापानं घसे बरे केले, लेकानं धंदा चालू ठेवला.

बंदिस्त शेड नाही, तसला मास्क नाही, म्हणून पीयू बाद करून मी एक दिवस पांढऱ्या इनॅमलवर आलो होतो. तेवढ्यात कुणीतरी आरसी बुकाची आठवण करून दिली. त्यात गाडीचा रंग लिहिलेला असतो आणि बदलायचा तर आरटीओत नोंद. म्हणजे पुन्हा चंदेरी. आणि चंदेरी रंग हा घरी मारणाऱ्यांचा काळ. त्यात ॲल्युमिनियमचे कण असतात. रंगाचा हात ओला पडला तर शेड गडद, कोरडा पडला तर फिकट. डबा तोच, माणूस तोच, सकाळचा दरवाजा आणि दुपारचा दरवाजा वेगळ्या गाड्यांचे.

शेड जुळवायला गाडीवरची रंगाच्या कोडची पट्टी बघून मी दुकानदाराला कंपनीचा कोड झेड-टू-एस सांगितला. त्याला तेवढ्यावर भरवसा नव्हता. पंधरा वर्षांच्या उन्हात कोड एकीकडं जातो आणि गाडी एकीकडं. त्यानं पेट्रोलच्या टाकीवरचं झाकण काढून आणायला सांगितलं. ते मी पिशवीत घालून नेलं, त्यानं काट्यावर ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत तोलून बेसकोट, म्हणजे खालचा चंदेरी थर, कालवला. दुसऱ्या दिवशी पंपावरच्या पोरानं उघड्या टाकीकडं पाहिलं आणि सहानुभूतीनं विचारलं, ‘चोरलं का कुणी?’ मी पिशवीतून झाकण काढून दाखवलं. तो दोन पावलं मागं सरला.

बेसकोट जमला, पण त्याच्यावर क्लिअर लागतोच, आणि टिकाऊ क्लिअर हार्डनरशिवाय नाही. फिरून मास्क. शेवटी हवेच्या पाइपचा मास्क मामांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं मिळवून दिला, तोही एकच. अर्थातच मामांनी तो स्वतःच्या तोंडाला लावला आणि गन कुणाच्या हातात राहणार हा प्रश्न निकालात निघाला. मला अर्ध्या गल्लीपलीकडं उभं केलं.

राहिला मुहूर्त. नोव्हेंबर ते मार्च कारखान्याचा गळीत हंगाम, गच्चीवर काजळी पडते. जून ते सप्टेंबर पाऊस. मेमध्ये वळीव आणि धूळ. एप्रिलमध्ये ऊन असं की थेंब पत्र्यावर पोचायच्या आत वाळतो, त्यासाठी सावकाश उडणारं थिनर वेगळं. आणि एप्रिलमध्येच शेजारच्या वहिनींच्या कुरडया. ‘तुमचा रंग कुठवर उडतोय?’ त्यांनी गच्चीवरून विचारलं. मामा म्हणाले, ‘वहिनी, आजच्या दिस कुरडया आत घ्या, न्हाईतर चांदीचा वर्ख लावल्याली मिळंल.’

जमीन पाणी मारून ओली केली, बोनेट घासून पुसून तयार. मामांनी एकावर निम्मा एक असे पट्टे मारत हात फिरवला, कुठं ओघळ नाही, कुठं ढग नाही. मग कॉम्प्रेसर धापा टाकायला लागला, टाकी भरेना, मोटर तापून आपोआप बंद पडली. वायरमन म्हणाला, आता गार होईस्तोवर हात लावू नका. तोवर वारं सुटलं, वळिवाचे ढग आले. हवा पुरली ती बोनेटापुरती.

पण बोनेट असं झालं की उरलेली गाडी बघवेना. पासिंगला गेलो तेव्हा मामा सोबत होते. साहेबांनी चासी नंबर पाहिला, दिवे लावून बघितले, मग पुढं येऊन थबकले.

‘बोनेट दुसऱ्या गाडीचं बसवलंय काय?’

मामा म्हणाले, ‘न्हाई साहेब. बोनेट ह्येच हाय. गाडी बदलायची ऱ्हायलीय.’