सल्फेटवाल्या शाम्पूला बरा का म्हटलं : एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं काही वाटेना. तुमच्या मुलीच्या डोक्यातला कोंडा सहा महिने झाले जात नाहीये, तुम्ही तीन बाटल्या बदलल्यात, आणि अशात कुणीतरी बाटल्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचून "हा बरा, तो नको" असं सांगत बसलं की चिडचिड होणारच, मलाही झाली असती.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी दोन कोंड्याच्या शाम्पूंचे घटक शेजारी शेजारी ठेवले होते, एक सल्फेटवाला (सल्फेट म्हणजे फेस आणून तेल काढणारा घटक) ज्यात झिंक पायरिथिऑन आहे, आणि दुसरा सल्फेट-फ्री ज्यात पिरॉक्टोन ओलामाइन आहे, ही दोन्ही कोंड्यावरची औषधं, आणि कोंड्यासाठी पहिला बरा असं म्हटलं होतं. ताईंचं म्हणणं असं की फरशी पुसायच्या लिक्विडमध्ये असतं तेच सल्फेट मी डोक्याला लावायला सांगतेय, झिंक पायरिथिऑनवर युरोपात बंदी आहे हे मी लपवलं, यादीत टक्केवारी नसतेच तर माझ्या तक्त्याला अर्थ काय, आणि एकूण मी कंपन्यांची बाजू घेते.

टक्केवारीपासून सुरू करते कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंय.

घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहायची असते हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे, पण हा नियम फक्त 1 टक्क्यापर्यंत चालतो. त्याच्या खाली जे काही असेल ते कंपनी हव्या त्या क्रमाने लिहू शकते. मी तक्त्यात लिहिलं होतं की दुसऱ्या बाटलीत पँथेनॉल (केस मऊ ठेवणारा घटक) आधी आणि पिरॉक्टोन नंतर, म्हणजे पिरॉक्टोन नावापुरतंच घातलंय. हे चुकलं. दोन्ही नावं फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली होती, आणि हे फिनॉक्सीइथेनॉल म्हणजे अगदी नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह, युरोपच्या नियमात त्याला कमाल मर्यादाच 1 टक्क्याची आहे, त्यामुळे यादीत ते दिसलं की त्याच्यानंतरचं सगळं साधारण 1 टक्का किंवा त्याहून कमी असं धरायला हरकत नाही. पण त्या रेषेखाली कोण पुढे कोण मागे यावरून काहीच सांगता येत नाही, आणि पिरॉक्टोन तर वापरतातच मुळी 0.5 ते 1 टक्का. म्हणजे ते रेषेखाली असणारच होतं! त्या बाटलीवर मी अन्याय केला, तो तक्ता मी आज बदलतेय आणि का बदलला तेही तिथे लिहितेय.

फक्त हीच रेषा दुसऱ्या बाजूनेही लावून बघा. बाटलीच्या पुढे पानाफुलांची मोठी चित्रं असतात ना, ते सगळे एक्स्ट्रॅक्ट मागे शोधा, बहुतेक वेळा फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली एका रांगेत पाच-सहा नावं सापडतील. आणि एक्स्ट्रॅक्ट म्हणजे तरी काय, बऱ्याचदा पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये उतरवलेला थोडासा अर्क. पिरॉक्टोनला अर्धा टक्का पुरतो म्हणून या अर्कांनाही पुरत असेल असं मी तरी धरणार नाही.

आता सल्फेट. यावर जरा थांबते कारण तुमच्या प्रतिक्रियेत सगळ्यात जास्त राग यावर आहे आणि या एका शब्दाने लोकांना उगाच फार घाबरवून ठेवलंय.

पहिली गोष्ट, सल्फेट हा एक पदार्थ नाही. सोडियम लॉरिल सल्फेट वेगळं आणि सोडियम लॉरेथ सल्फेट वेगळं, लेबलवर फरक दोन अक्षरांचा दिसतो पण त्वचेला तो कळतो. पहिलं खरंच तिखट आहे, इतकं की त्वचारोगतज्ज्ञ संशोधनात मुद्दाम त्वचा चुरचुरवायची असेल तर तेच वापरतात, हे मी लपवणार नाही. लॉरेथ बनवताना त्याला इथिलीन ऑक्साइडची जोड देतात, त्याने रेणू मोठा होतो, त्वचेत कमी शिरतो आणि कमी झोंबतो. मी ज्या बाटलीबद्दल लिहिलं त्यात लॉरेथ आहे. (या जोडणीत डायऑक्सेन नावाची अशुद्धी अगदी थोडी तयार होते आणि ती नंतर काढावी लागते, हेही खरं आहे, आणि ती नीट काढलीय की नाही हे लेबल वाचून मला कळत नाही.)

दुसरी गोष्ट, ते एकटं नसतं. मी आधी काही वर्षं एका फॉर्म्युलेशन लॅबमध्ये काम करायचे, तिथे रोजचं दृश्य सांगते. बीकरमध्ये लॉरेथ सल्फेटचं पाण्यासारखं पातळ द्रावण फिरतंय, त्यात कोकामिडोप्रोपिल बिटेन घालायचं, मग मिठाचं पाणी थोडं थोडं सोडायचं, आणि एका क्षणी ढवळणीचा आवाज बदलतो, मधला भोवरा भरून येतो आणि ते पाणी शाम्पूसारखं जड होतं. अजून मीठ घातलं की परत पातळ! लोक मीठ वाचून म्हणतात फसवणूक आहे, पण ते दाटपणासाठी असतं आणि फार थोडं असतं. यात खरी कामाची गोष्ट बिटेनची आहे. साबणासारख्या या रेणूंचे पाण्यात छोटे छोटे पुंजके होतात, त्यांना मायसेल म्हणतात, आणि त्वचेला त्रास देतात ते मुख्यतः पुंजक्याबाहेर सुटे फिरणारे रेणू. बिटेन मिसळलं की मिश्र पुंजके होतात, सुटे रेणू कमी उरतात, म्हणून तेवढंच सल्फेट असूनही मिश्रण सौम्य होतं. फरशीच्या लिक्विडमध्ये सल्फेट असतं हे तुमचं बरोबरच आहे, पण त्यात पाणीही असतं हो, नुसतं नाव तेच असल्याने काही ठरत नाही. सोबत काय आहे, किती आहे आणि अंगावर किती वेळ राहणार आहे ते बघावं लागतं. अमेरिकेतल्या कॉस्मेटिक घटक तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने 1983 साली लॉरिल सल्फेटबद्दल हेच म्हटलं होतं, थोडा वेळ लावून नीट धुवून टाकायच्या उत्पादनात चालेल, पण त्वचेवर बराच वेळ राहणार असेल तर 1 टक्क्याच्या वर नको.

तिसरी गोष्ट, ती सल्फेट-फ्री बाटली. तिच्या यादीत पाण्यानंतर दुसरंच नाव होतं सोडियम सी चौदा-सोळा ओलेफिन सल्फोनेट. सल्फोनेट म्हणजे सल्फेट नव्हे, त्यामुळे पुढे लिहिलेलं खोटं नाहीये, पण तेल काढण्यात हे चांगलंच जोरकस आहे. म्हणजे सौम्य मिळेल म्हणून तुम्ही ती बाटली घेतलीत आणि तुम्हाला मिळालं जोरकसच. खरोखर सौम्य हवं असेल तर सुरुवातीच्या नावांत सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, ग्लुटामेट किंवा डेसिल ग्लुकोसाइड अशी नावं शोधा. डोक्याची त्वचा कोरडी असेल, केस रंगवलेले असतील तर मी स्वतः तेच सुचवीन.

आणि इथे माझं स्वतःचं सांगते. काही वर्षांपूर्वी मला कानांच्या मागे आणि मानेवर केसांच्या कडेला खाज सुरू झाली, त्वचा लाल आणि भेगाळलेली, रात्री झोपेत खाजवायचे. मी पण सल्फेटलाच दोष दिला, सौम्य म्हणून विकला जाणारा एक सल्फेट-फ्री शाम्पू आणला आणि चार महिने निष्ठेने वापरला, खाज वाढतच गेली. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली, पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवस आंघोळ बंद, मग पट्ट्या काढून बघितलं, दोन दिवसांनी परत बघितलं. एक चौकोन लालभडक उठला होता, मिथाइलआयसोथायाझोलिनोन. घरी येऊन त्या सौम्य बाटलीची यादी वाचली तर अगदी शेवटून दुसरं नाव तेच. हे प्रिझर्व्हेटिव्ह इतक्या लोकांना त्रास देत होतं की 2013 साली अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने त्याला वर्षाचं ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, म्हणून जाहीर केलं, आणि युरोपात आता ते अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये चालत नाही, धुवून टाकायच्या उत्पादनातही जास्तीत जास्त 0.0015 टक्का. एवढ्याशा मात्रेने माझी चार महिन्यांची झोप घालवली. म्हणून मी यादी पहिल्या तीन नावांवर सोडत नाही, शेवटपर्यंत वाचते. आणि निष्पक्ष राहायचं तर हेही सांगते की मी वर कौतुक केलेलं बिटेन 2004 साली आणि सौम्य म्हणून सांगितलेली ग्लुकोसाइड 2017 साली तशीच वर्षाचं ॲलर्जन ठरली होती. सगळ्यांना चालेल असं काहीच नसतं.

झिंक पायरिथिऑनचं तुमचं म्हणणं मान्य, ते मी पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. लपवायचा हेतू नव्हता पण राहिलं ते राहिलं. युरोपीय संघात 1 मार्च 2022 पासून ते कॉस्मेटिकमध्ये चालत नाही. कारण असं की प्राण्यांवरच्या अभ्यासांवरून त्याला प्रजननाला घातक अशा गटात टाकलं गेलं, आणि त्या गटात गेलं की तिथल्या कायद्याने बंदी आपोआप येते, सूट हवी असेल तर दुसरा पर्याय नाही हे दाखवावं लागतं. पर्याय होते, त्यामुळे सूट मिळाली नाही. त्यांच्याच वैज्ञानिक समितीने धुवून टाकायच्या कोंड्याच्या शाम्पूत 1 टक्क्यापर्यंत सुरक्षित असं मत दिलं होतं हेही त्याच कागदपत्रांत आहे, आणि अमेरिकेत ते आजही कोंड्यासाठी 0.3 ते 2 टक्के या मात्रेत मान्य आहे. मला विचाराल तर मी वापरते. पण तुम्हाला मुलीसाठी नको वाटत असेल तर त्यात काहीही चूक नाही, पिरॉक्टोन आहे, केटोकोनाझोल आहे, सेलेनियम सल्फाइड आहे.

कंपन्यांचं म्हणाल तर, लॅब सोडून बराच काळ झाला, कुणाकडून फुकट बाटल्या घेत नाही, पोस्टमध्ये ब्रँडचं नावही नव्हतं.

आता मुलीबद्दल. कोंड्याच्या मुळाशी मालासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, असते, ती सगळ्यांच्याच डोक्यावर राहते आणि आपल्या त्वचेच्या तेलावर जगते. ती ते तेल फोडते, त्यातून ओलेइक ॲसिडसारखी फॅटी ॲसिड सुटतात, ती ज्यांना सोसत नाहीत त्यांच्या डोक्यात खाज आणि पापुद्रे. म्हणजे तेल नीट निघणं हाच उपचाराचा अर्धा भाग आहे, म्हणून मी कोंड्यासाठी नीट धुणारा शाम्पू बरा म्हटलं होतं. उरलेला अर्धा भाग वेळेचा. केटोकोनाझोल असो की दुसरं काही, फेस आला की लगेच पाणी ओतलं तर औषध नाल्यात जातं. केसांचे भांग पाडत पाडत बोटांच्या पेरांनी कातडीला लावायचं, नखांनी नाही, कानांच्या मागे आणि मानेच्या वरच्या कडेला आठवणीने, पहिल्या वेळी फेस कमी येतो कारण तो तेलाशी झुंजण्यात संपतो, दुसऱ्या वेळी भरपूर येतो, तो दुसरा फेस घड्याळ लावून तीन ते पाच मिनिटं तसाच राहू द्यायचा. आठवड्यातून दोनदा, निदान चार आठवडे, तोपर्यंत बाटली बदलायची नाही. आणि मध्ये डोक्याला तेल लावत असाल तर ते महिनाभर बंद ठेवा, ते त्या यीस्टचं खाणं आहे.

एक गोष्ट मात्र आजच बघा. तिच्या डोक्यावर गोल चट्टे आहेत का, तिथले केस बुडाशी तुटून काळे ठिपके दिसतात का, मानेला गाठी लागतात का. असं असेल तर तो कोंडा नाही, डोक्यातला नायटा असू शकतो, लहान मुलांत तो होतो आणि नुसत्या शाम्पूने बरा होत नाही, पोटातून औषध लागतं. मग कुठलीही यादी वाचत बसू नका, सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. खपल्या जाड, पिवळट, चिकट असतील आणि भुवयांत किंवा नाकाच्या कडेलाही असतील तरी दाखवून घ्या.

चट्टे नसतील तर तिन्ही बाटल्यांच्या मागच्या बाजूचे फोटो मला पाठवा, अक्षरं वाचता येतील असे जवळून काढा, आणि प्रत्येक बाटली किती आठवडे वापरली आणि फेस डोक्यावर किती वेळ राहायचा तेही लिहा. रविवारी बसून तिन्ही याद्या नीट वाचते आणि इथेच उत्तर देते.