‘काकू, तुमची बोटं चालत नाहीत’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘फोन वापरा, पण लॅपटॉप विकू नका’ या माझ्या लेखाखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आली. तिथेच दोन ओळींचं उत्तर द्यायला बसले होते, पण ते दोन ओळींत मावेना, म्हणून इथे सविस्तर लिहिते. ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते: दस्त, प्रबंध, भाषांतर, हिशेब असलं लांब पल्ल्याचं लेखी काम ज्यांना करायचंय त्यांनी नुसत्या फोनच्या भरवशावर राहू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया, जशीच्या तशी:

‘काकू, लेख वाचला. खरं कारण एकच दिसतं, तुमच्या पिढीची बोटं फोनवर चालत नाहीत. माझ्या भाच्याने फोनवर अभ्यास करून पोलीस भरतीची लेखी काढली. सॅमसंगचा डेक्सवाला फोन टीव्हीला जोडला की झाला कॉम्प्युटर, आणि तुम्ही खुशाल लिहिता की फोन मोठ्या पडद्यावर चालत नाही. खेड्यातल्या पोराने लॅपटॉपला चाळीस हजार कुठून आणायचे तेही सांगा. उगाच लोकांना खर्चात पाडू नका.’

आपण लेख पूर्ण वाचलात असं धरून चालते. ‘काकू’ म्हटल्याचा राग नाही. माझी पन्नाशी उलटली आहे, आमच्या आळीतली निम्मी मुलं मला काकूच म्हणतात. पण त्यांच्या ‘काकू’त आणि तुमच्या ‘काकू’त फरक आहे, आणि तो तुम्हालाही कळतो. समोरच्या बाईला आधी म्हातारी ठरवून टाकलं की ती काय म्हणते याला उत्तर द्यायची गरजच उरत नाही. हाच लेख एखाद्या गृहस्थांनी लिहिला असता तर ‘काका, तुमची बोटं चालत नाहीत’ असं तुम्ही लिहिलं असतंत का? मला नाही वाटत.

आता बोटांचं बोलू, कारण तुमच्या मते खरं कारण तेच आहे.

१९९१ साली दहावीची परीक्षा संपली आणि पुढच्याच सोमवारी वडिलांनी मला साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घातलं. सकाळी सात ते आठची बॅच. मराठी यंत्रावर ‘ग’ची अख्खी कळ नसायची. अर्धा ग आधी मारायचा, मग काना द्यायचा, तेव्हा कुठे ग उमटायचा. श आणि ण यांचंही तेच. कळा इतक्या जड की पहिले दोन महिने रात्री करंगळी ठणकायची, आई खोबरेल तेल चोळून द्यायची. तीस शब्दांची परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली, चाळिसाची मात्र पहिल्याच फटक्यात. त्यानंतर सहा वर्षं एका वकिलांकडे यंत्रावर दस्त टंकले. एका दस्ताच्या चार प्रती, मध्ये कार्बन. अक्षर चुकलं तर ते चारही कागदांवर चुकायचं, आणि चारही कागद एकेक करून खोडायला लागायचे.

मग संगणक आला, मराठी टंकायची श्री-लिपी आली. तिच्यात टायपरायटरचीच मांडणी निवडता यायची, त्यामुळे बोटांना फारसा त्रास पडला नाही. खरा त्रास २००६ मध्ये झाला. काम मेलवर जायला लागलं, समोरच्याकडे आपला फॉन्ट नसला की मराठीच्या जागी भलतीसलती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची. कुठल्याही संगणकावर अक्षरं तीच राहावीत म्हणून युनिकोड घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी इन्स्क्रिप्ट ही कळांची वेगळी मांडणी शिकायला घेतली. डी वर हलंत, ई वर काना, के वर क. मांडणी फार शहाणपणाने केलेली आहे, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, पण माझ्या बोटांना पंधरा वर्षांची वेगळी सवय होती. घरात दोन लहान मुलं. रात्री साडेदहाला ती झोपली की मी बसायची आणि बोटांना जुनी वाट विसरायला लावायची. तीन महिने लागले.

फोनची कळपाटी ही माझी तिसरी. दोन्ही अंगठ्यांनी मी मिनिटाला वीस-बावीस शब्द टंकते, घड्याळ लावून मोजलेत. २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून लिहायची सोय दिली तेव्हापासून तीही वापरते. वीजबिल, बँक, कागदांचे फोटो काढून पीडीएफ करणं, सगळं फोनवर. तेव्हा ‘तुमच्या पिढीची बोटं’ हे वाक्य कृपया परत घ्यावं. तुम्ही किती कळपाट्या शिकलात हे मी विचारत नाही.

अडचण बोटांची नाहीच. अडचण आहे ती एका वेळी किती दिसतं याची, आणि हे मी लेखातही लिहिलं होतं. तुम्ही तेवढाच परिच्छेद ओलांडून गेलात असं दिसतंय, म्हणून आता लेखात न सांगितलेली गोष्ट सांगते.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई पुण्यात दवाखान्यात होत्या. रात्री त्यांच्यापाशी मी. लॅपटॉप साताऱ्यात राहिलेला. एका वकिलांचा निरोप आला की अकरा पानांचा खरेदीखताचा मसुदा सकाळपर्यंत टंकून हवाय. हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो त्यांनी पाठवले. मीही तुमच्यासारखंच म्हटलं, फोनवर होतंय की. बाहेरच्या बाकावर बसून रात्री दोनपर्यंत टंकलं.

ज्यांनी दस्त पाहिला नसेल त्यांच्यासाठी: खरेदीखतात विकणारा म्हणजे ‘लिहून देणार’ आणि विकत घेणारा म्हणजे ‘लिहून घेणार’. पानोपानी हेच दोन शब्द. फोनच्या कळपाटीवर ‘लिहून’ असं टंकलं की वरच्या पट्टीत ‘देणार’ आणि ‘घेणार’ शेजारी शेजारी येतात, अंगठ्याच्या एका टेकण्याचं अंतर. मसुद्यात होतं, मिळकतीवर काही बोजा निघाल्यास त्याची सर्व जबाबदारी लिहून देणार यांची राहील. मी पाठवलेल्या प्रतीत ती जबाबदारी लिहून घेणार यांच्यावर गेली. म्हणजे जमीन घेणाऱ्यानेच आधीच्या मालकाचं कर्ज फेडायचं! दुय्यम निबंधकांच्या कचेरीत, नंबर पुकारायच्या जरा आधी, त्या वकिलांच्या ज्युनिअरच्या लक्षात आलं. तीस वर्षांच्या कामात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

चूक लॅपटॉपवरही होते, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते. पण तिथे ती सापडते. डाव्या बाजूला मूळ पान, उजव्या बाजूला माझं, आणि मी दोन्हीकडून एकेक ओळ मोठ्याने वाचत जाते. फोनवर कळपाटी वर आली की निम्मा पडदा तिने खाल्लेला असतो. उरलेल्या जागेत चार-पाच ओळी. पडदा दुभागला तर वर दोन ओळी मूळच्या, खाली दोन माझ्या. नाहीतर फोटो उघडा, वाक्य डोक्यात धरा, परत या, टंका, पुन्हा फोटो उघडा. त्या रात्री असं किती वेळा केलं देव जाणे. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो, फोन सात-साडेसात. तिसरा हिस्सा. बोटं वीस वर्षांची असली तरी तो हिस्सा वाढत नाही.

आणि वीस वर्षांच्या बोटांचंही ऐका. गेल्या उन्हाळ्यात एम.ए.ची एक मुलगी माझ्याकडे प्रकल्पाची फाइल घेऊन आली. साठ पानं, सगळी फोनवर टंकलेली, आणि वेग असा की मी बघत राहिले. तिच्या पिढीची बोटं नक्कीच चालतात. पण तिने पान म्हणून ते कधी पाहिलंच नव्हतं. फोनवर मजकूर पडद्याच्या रुंदीत वाहतो, म्हणून मथळे मध्यावर आणायला तिने स्पेस मारल्या होत्या, तळटीपांचे आकडे हाताने घातले होते, आणि तिसऱ्या प्रकरणातला एक अख्खा परिच्छेद पाचव्यात पुन्हा आला होता. तो तिला दिसला नव्हता. लॅपटॉपवर फाइल उघडून पानं शेजारी शेजारी लावली तेव्हा मिनिटभरात तिनेच तो दाखवला. पोरगी हुशार होती. तिच्यापुढे खिडकी लहान होती.

आता तुमचा डेक्सचा मुद्दा. इथे तुमचं बरोबर आहे आणि मी ते मोकळेपणी मान्य करते. ‘फोन मोठ्या पडद्यावर चालत नाही’ हे माझं वाक्य चूक होतं. सॅमसंगने २०१७ मध्ये गॅलॅक्सी एस-आठबरोबर डेक्स आणलं, फोन पडद्याला जोडला की खिडक्या उघडतात, माउस चालतो. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

पण दुरुस्ती करताना मागचंही थोडं आठवलं. मोटोरोलाने २०११ मध्ये अट्रिक्स नावाचा फोन काढला, त्याच्याबरोबर लॅपडॉक नावाची वस्तू होती, फोन मागे खोचायचा. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ल्युमिया ९५० या फोनसाठी डबी काढली, पडदा आणि कळपाटी जोडायला. फोनचा संगणक करायचा तर प्रत्येकाने आधी त्याला पूर्ण कळपाटी आणि मोठा पडदा दिला. अट्रिक्सचा लॅपडॉक तर दिसायला हुबेहूब लॅपटॉपच. मग मी वेगळं काय म्हणत होते? आणि एसटीत, कोर्टाच्या व्हरांड्यात, दवाखान्याच्या बाकावर टीव्ही कुठून आणायचा? शिवाय डेक्स येतं ते मुख्यतः वरच्या किमतीच्या फोनमध्ये. त्या पैशात साधा लॅपटॉप येतो, हा हिशेब तुम्हीच करून बघा.

चाळीस हजारांबद्दल मी इथे बोलत नाही. माझ्या लेखाचा तो विषय नव्हता, कुणी काय विकत घ्यावं हेही मी सांगितलं नव्हतं. ‘लोकांना खर्चात पाडू नका’ हे मात्र मला लागलं. माझ्या लिखाणात आजवर एका दुकानाची जाहिरात नाही. उलट विचारावंसं वाटतं की ‘गरिबाला फोन पुरे’ हे ठरवणारे तुम्ही कोण? २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले होते. फोन तापायचे, अडकायचे, आणि नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप इंग्रजीत. कचेरीतला माणूस जे काम टेबलखुर्चीवर, मोठ्या पडद्यावर करतो तेच त्या बायकांनी हातातल्या फोनवर करायचं आणि वर ‘होतंय की’ ऐकून घ्यायचं. तुमच्या वाक्यात मला तोच सूर ऐकू आला. तुमचा तसा हेतू नसेल तर शब्द जपून वापरायला हवे होते.

राहता राहिला तुमचा भाचा. त्याचं मनापासून अभिनंदन, खरंच. लेखी काढणं सोपं नाही. पण ती लेखी शंभर गुणांची, पर्याय निवडायची. त्यासाठी फोनवर वाचायचं, व्हिडिओ बघायचे, सराव प्रश्न सोडवायचे, आणि त्याला फोन उत्तमच, हे मी कधी नाकारलं? नोकरीत लागल्यावर मात्र त्याला ठाण्यात बसवतील तेव्हा समोर संगणक असेल. फिर्याद आता सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक-यंत्रणेतच चढते. समोर एखादी बाई रडत सांगत असेल आणि याने एका बोटाने अक्षर शोधत तिला ‘थांबा, थांबा’ म्हणायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

भाचा साताऱ्याच्या आसपास असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. सकाळी सात ते आठ, फी नको. स्वतःचा लॅपटॉप नसला तरी चालेल, माझा जुना आहे. पहिला आठवडा फक्त मधली ओळ: डावीकडे ो, े, ्, ि, ु आणि उजवीकडे प, र, क, त, च.