जिझिया ‘नाममात्र’ होता? कोणासाठी?

‘मुस्लिम साम्राज्यांत ज्यू १३०० वर्षं बरोबरीच्या हक्काने नांदले. जिझिया नाममात्र होता. स्पेनने हाकललेल्यांना सुलतानाने आसरा दिला. वैर सुरू झालं ते १९४८ नंतर.’ हा मेसेज तीन ग्रुपवर आला, तेव्हा सोडून दिला. काल भाचीच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तो जसाच्या तसा उतरवलेला दिसला, म्हणून लिहितेय.

आसऱ्याचं खरं आहे, मान्य. १४९२ मध्ये स्पेनमधून निघालेल्या ज्यूंना ऑटोमन (तुर्की) सुलतान दुसऱ्या बायझीदने येऊ दिलं, आणि त्या काळच्या युरोपपेक्षा तिथलं जगणं सुसह्यही होतं. पण आसरा म्हणजे बरोबरी नव्हे. ज्यू ‘जिम्मी’ होते: जिवाला, मालमत्तेला, धर्माला संरक्षण, पण दर्जा खालचा. शरियतच्या कोर्टात मुसलमानाविरुद्ध त्यांची साक्ष चालत नसे. बरोबरी आधीपासूनच होती, तर १८५६ मध्ये ऑटोमन सुलतानाला ती देणारं फर्मान कशाला काढावं लागलं?

आता ते ‘नाममात्र’. खरा संताप याच शब्दाचा आला. जुन्या कैरोत, फुस्तातमधल्या बेन एझरा सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) एका कोठीत शेकडो वर्षांचे कागद साठले होते. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, म्हणून. त्याला गेनिझा म्हणतात. इतिहासकार श्लोमो गोइटाइन यांनी कित्येक दशकं ते कागद वाचले. जिझिया हलका असावा असं आधी त्यांनाही वाटायचं. हे कागद वाचून त्यांनी मत बदललं. काय आहे त्यांत? कर भरायला पैसे नाहीत म्हणून घरात लपून बसलेली माणसं. तुरुंगाची धास्ती. कर भागवायला कोणी मदत करील का, अशी आर्जवं. भरल्याची पावती जवळ नसेल तर गावाबाहेर पडायची सोय नाही. मोठ्या व्यापाऱ्याला तो कर जाणवलाही नसेल. हातावर पोट असलेल्याचं काय?

आणि वैर १९४८ नंतरचं, म्हणजे इस्रायल झाल्यावरचं? इराणात मशहदला १८३९ मध्ये जमावाने तीसेक ज्यू मारले, उरलेल्यांना जबरीने मुसलमान केलं. पुढच्या कित्येक पिढ्या ते बाहेर नमाज पढत आणि घरात लपून शब्बाथ (ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस) पाळत. बगदादला तिथला सुभेदार दाऊद पाशा याच्या पिळवणुकीपायी एक सावकार घराणं परागंदा झालं. त्यातले डेव्हिड ससून इराणच्या बुशेहर बंदरामार्गे १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. काळा घोड्याची लायब्ररी त्यांच्याच नावाची. भाची रोज तिच्यासमोरून कॉलेजला जाते.